गळपट्टीची चारशे वर्षे

धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिलांच्या गळ्याखाली ज्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, त्यांना कोर्टाच्या बोलीत नुसते ‘बँड’ म्हणतात. सतराव्या शतकातल्या इंग्लिश कॉलरचा हा शेवटचा अवशेष. इंग्लंडात सर्वसामान्य पुरुषाच्या गळ्यातून तो तीनशे वर्षांपूर्वीच उतरला. खान्देशात मात्र त्याची रोज घडी मोडते.

या कॉलरची सुरुवात धुण्याच्या सोयीतून झाली. सोळाव्या शतकात इंग्लंडातले वरचे कपडे लोकरीचे, रेशमी किंवा मखमली असत आणि ते धुता येत नसत. धुतला जाई तो आतला लिननचा सदरा. त्याच्या गळ्याची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडत. शतकाच्या मध्याला या चुण्यांची झालर मोठी होत गेली आणि पुढे सदऱ्यापासून सुटी झाली. मळते ती मानच, तेव्हा तेवढीच पट्टी धुवावी, हा हिशेब व्यवहारी होता. पण सुटी झालेली वस्तू मिरवायला मोकळी होते. ही झालर म्हणजेच ‘रफ’. एलिझाबेथ राणीच्या चित्रांत मानेभोवती चाकासारखी दिसते ती हीच.

एवढे कापड आडवे ताठ उभे राहिले ते खळीच्या जोरावर. १५६४ मध्ये डिंघेन व्हान डेर प्लासे ही फ्लेमिश बाई नवऱ्याबरोबर लंडनला आली आणि खळ देण्याचा धंदा तिने उघडला. नुसते काम करून देण्यावर ती थांबली नाही; शिकवणीही घेऊ लागली. खळ कशी द्यायची हे शिकवण्याचे ती चार-पाच पौंड घेई, खळ शिजवण्याची कृती सांगण्याचे वीस शिलिंग वेगळे. त्या काळच्या मजुराला एवढे पैसे मिळवायला काही महिने राबावे लागे. काम होतेही किचकट. धुतलेली पट्टी खळीत बुडवायची, निथळायची आणि ओलसर असतानाच तापवलेली सळई एकेका चुणीत घालून ती उभी करायची. फार मोठ्या रफला खालून तारेची चौकट लावावी लागे. एवढे करून पावसाची सर आली की सगळा डोलारा मानेवर लोळण घेई. अमळनेर-धुळ्याच्या कापडगिरण्यांत ताण्याच्या सुताला खळ पाजत, ती मागावर सूत तुटू नये म्हणून. रफची खळ असल्या कुठल्याच उपयोगाची नव्हती आणि तिची शान त्यातच होती. वाकून काम करणाऱ्याला असली कॉलर परवडणारी नव्हती. ती घालणारा कष्ट करत नाही, हे लांबूनच कळे.

टीका व्हायचीच. फिलिप स्टब्ज या नीतिवादी लेखकाने १५८३ मध्ये रफवर आणि खळीवर तोंडसुख घेतले. खळ त्याला सैतानाचे द्रव्य वाटे. खळ बनत असे गव्हापासून, त्यामुळे पोटात जायचे धान्य गळ्यात जाते ही तक्रार टंचाईच्या वर्षी अधिकच बोचे. खळीचा मक्ता हा १६०१ च्या पार्लमेंटमध्ये गाजलेल्या गाऱ्हाण्यांपैकी एक होता. पुढे पिवळ्या खळीची टूम निघाली. टॉमस ओव्हरबरी या दरबारी माणसाच्या खून प्रकरणात अ‍ॅन टर्नर या बाईला १६१५ मध्ये फाशी झाली. पिवळ्या खळीशी तिचे नाव जोडलेले असल्याने तो रंगही बदनाम झाला.

यानंतर कॉलर खांद्यावर आडवी झाली. पहिल्या चार्ल्सच्या काळात लेसची रुंद पडती कॉलर, म्हणजे ‘फॉलिंग बँड’, रूढ झाली. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत राजाच्या बाजूचे सगळे लेसवाले आणि पार्लमेंटच्या बाजूचे कर्मठ प्युरिटन सगळे साधे, ही पाठ्यपुस्तकी विभागणी फारशी टिकत नाही; पार्लमेंटच्या बाजूचे पैसेवालेही लेस वापरत. १६६० च्या सुमारास ही कॉलर आखडत हनुवटीखालच्या दोन पट्ट्यांवर आली. दरम्यान क्रोएशियन भाडोत्री सैनिकांच्या गळ्यातला रुमाल फ्रान्समार्गे ‘क्रॅव्हॅट’ म्हणून लंडनला पोहोचला. आजचा टाय त्याच वंशातला. ग्रिनलिंग गिबन्सने लाकडात कोरलेला लेसचा क्रॅव्हॅट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १७६९ मध्ये लेखक होरेस वॉलपोलने तो चक्क गळ्यात बांधून पाहुण्यांचे स्वागत केले होते.

फॅशन पुढे गेली, पण धर्मगुरू, विद्यापीठे आणि वकील यांनी जुनी पट्टी सोडली नाही. गणवेश झालेला कपडा बदलायला कोणी धजावत नाही. या दोन पट्ट्या बायबलातल्या मोझेसच्या, दहा आज्ञा कोरलेल्या दोन शिळांचे प्रतीक असल्याचे सांगतात. तो अर्थ मागाहून चिकटवलेला दिसतो.

महाराष्ट्रात गळ्याला हा मान कधीच नव्हता. अंगरखा आणि बाराबंदी बंदांनी छातीवर बांधायचे, त्यांना कॉलर नाही. प्रतिष्ठा दिसे ती पगडी-पागोट्यात आणि खांद्यावरच्या उपरण्यात. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेथे बॅरिस्टर गाऊन-बँडमध्ये उभे राहत. जिल्ह्याच्या ठिकाणचे वकील मात्र दीर्घकाळ पागोटे आणि लांब कोटावर काम चालवत.

आजचा पोशाख ठरतो तो १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याखालील बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी. त्यांत अचकन, शेरवानी, धोतर, साडी सगळ्यांना जागा आहे, पण गळ्यात बँड हवाच. जिल्हा व सत्र न्यायालयात त्याला पर्याय नाही. त्याखालच्या न्यायालयांत, म्हणजे साक्री किंवा शिंदखेड्याच्या कनिष्ठ न्यायाधीशांपुढे, काळा टाय चालतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय वगळता उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. मे महिन्यात धुळ्याचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा ही सवलत मोलाची. बँडला मात्र ती लागू नाही.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २००८ पासून दिवाणी आणि कौटुंबिक न्यायालयांतील न्यायाधीशांसाठी नवा झगा आला. त्यात विग नाही, बँडही नाही. मे २०२० मध्ये दूरदृश्य सुनावण्या सुरू असताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना कोट आणि गाऊन न घालण्याची मुभा दिली. त्या परिपत्रकानुसार पांढरा सदरा, पांढरा सलवार-कमीज किंवा पांढरी साडी पुरेशी होती. सोबत गळ्यात साधा पांढरा बँड.