अश्लीलता, औचित्य आणि दुटप्पीपणा

नग्नतेविषयीच्या आपल्या सार्वजनिक वादांत एक युक्तिवाद हटकून केला जातो. ज्या समाजाने खजुराहोची शिल्पे घडविली त्या समाजाला चित्रपटातील विवस्त्र देह पाहून धक्का बसावा, हा निव्वळ दुटप्पीपणा होय, असे या युक्तिवादाचे स्वरूप असते. तो ऐकावयास बिनतोड वाटतो. परंतु थोडे थांबून विचार केला तर त्यातील दुबळेपणा लक्षात येतो. एकच गोष्ट एका ठिकाणी योग्य आणि दुसऱ्या ठिकाणी अयोग्य मानणे हा मुळात दोषच नव्हे. शल्यगृहातील नग्नता, अभंगातील नग्नता आणि जाहिरातीतील नग्नता यांना आपण एकच माप लावीत नाही, आणि लावूही नये. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे. निकषांतील भेद केव्हा विवेकाचा असतो आणि केव्हा ढोंगाचा?

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाच्या पूर्वार्धाचा विचार बारकाईने केला आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलत्व हा एक दोष म्हणून येतो आणि त्याचे तीन प्रकार सांगितले जातात : व्रीडा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगलाची सूचना करणारे. या तिघांपैकी लैंगिकतेशी निकटचा संबंध फक्त पहिल्याचा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा दोष नित्य नाही. विशिष्ट प्रसंगी, उदाहरणार्थ सुरतगोष्ठीत किंवा वैराग्यपर कथनात, तोच गुण ठरू शकतो. क्षेमेंद्राने ‘औचित्य’ हे तत्त्व काव्यविचाराच्या केंद्रस्थानी ठेवले त्यामागेही हीच सापेक्षतेची जाण आहे. वाचकाचे चारित्र्य बिघडेल काय, हा प्रश्न या मीमांसकांनी ‘अश्लील’ या संज्ञेखाली विचारलेला नाही. त्यांचा प्रश्न रचनेचा होता, रसाचा होता.

आधुनिक कायद्याने ‘अश्लील’ हा शब्द उचलला आणि त्यात अगदी निराळा अर्थ भरला. 1868 सालच्या हिकलिन खटल्यातील इंग्रजी निकष आपल्याकडे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या विक्रीबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली त्याचाच आधार घेतला. ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडू शकतात त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती कृतीत आहे काय, असा तो निकष. त्याची तार्किक घडण पाहण्यासारखी आहे. भ्रष्ट होणारे मन नेहमी दुसऱ्याचे असते. न्यायाधीश पुस्तक वाचतो, परीक्षण मंडळाचा सदस्य चित्रपट पाहतो, तक्रारदार तर प्रत्येक आक्षेपार्ह दृश्य मोजून ठेवतो. परंतु यांपैकी कोणीही स्वतः बिघडल्याचे सांगत नाही. बिघडतो तो विद्यार्थी, कामगार, स्त्री, अर्धशिक्षित. दुटप्पीपणाचे बीज येथे आहे. निकष सांगणारा स्वतःला निकषाबाहेर ठेवतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन निकष बाजूला सारून समकालीन समाजाच्या धारणांचा निकष स्वीकारला, हे पुढचे पाऊल खरेच. तथापि ‘समाज’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

यावरून एक कसोटी मांडता येईल. भेदाचे कारण कृतीत आणि तिच्या संदर्भात दाखविता आले तर तो भेद औचित्याचा. ते कारण केवळ पाहणाऱ्याच्या अथवा दाखविणाऱ्याच्या वर्गात, जातीत वा लिंगात सापडत असेल तर तो दुटप्पीपणा.

ही कसोटी महाराष्ट्रातील काही उदाहरणांना लावून पाहू. 2005 साली राज्याने मुंबई पोलीस अधिनियमात कलम 33-अ आणि 33-ब घालून डान्सबारमधील नृत्यावर बंदी आणली. त्याच दुरुस्तीने तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना मात्र सूट दिली. नृत्य तेच, देह तोच, पाहणाऱ्याची नजरही तीच. फरक होता तो खिशातील पैशाचा. उच्च न्यायालयाने 2006 साली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हा भेद घटनाबाह्य ठरविला. आमच्या कसोटीवरही तो टिकत नाही.

दुसरे उदाहरण र. धों. कर्वे यांचे. 1927 ते 1953 या काळात चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. तरी कर्व्यांवरील पहिले दोन खटले उभे राहिले ते व्यभिचारविषयक लेखावरून आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते; तरीही दंड झालाच. येथे व्यवस्थेला बोचला तो विचार. मुका देह चालतो, देहाविषयीचा प्रश्न चालत नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे. अकबर पदमसी यांच्यावर 1954 साली जहांगीर कलादालनातील ‘लव्हर्स’ या चित्राबद्दल खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्यानंतर जवळजवळ सात दशकांनी, 2023 साली, त्यांच्या व फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या काही कलाकृती मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अश्लील म्हणून अडवून ठेवल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या सोडण्याचा आदेश दिला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावे लागले.

येथवरच्या विवेचनाशी बहुतेक वाचक सहमत होतील, आणि नेमकी येथेच सावध होण्याची गरज आहे. कारण दुटप्पीपणा केवळ संस्कृतिरक्षकांची मिरास नाही. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट 2017 साली गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या ‘इंडियन पॅनोरमा’ विभागातून मंत्रालयाने वगळला, तेव्हा आपण सर्वांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पुकारा केला, आणि तो योग्यच होता. पण त्या चित्रपटाचा विषय काय होता? मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर विवस्त्र बसणारी, आणि आपले काम मुलापासून लपविणारी यमुना. चित्राला दालन मिळते, चित्रकाराला नाव मिळते. जिच्या देहावाचून ते चित्र झाले नसते तिला मात्र आपले काम उच्चारताही येत नाही. केनेथ क्लार्कने कलेतील ‘नग्न’ आणि जीवनातील ‘उघडा’ असा जो भेद केला तो सौंदर्यशास्त्रात सोयीचा आहे. परंतु मॉडेलच्या बाबतीत हे दोन्ही देह एकच असतात. आपण पहिल्याचा गौरव करतो आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळतो. हेही दुहेरी मापच.

मराठी भाषेला ही गोष्ट फार पूर्वी कळलेली दिसते. ‘नागवा’ म्हणजे विवस्त्र. आणि ‘नागवणे’ म्हणजे लुबाडणे. वस्त्र नसणे आणि वस्त्र हिरावले जाणे यांतील अंतर या दोन रूपांत सामावले आहे. नैतिक प्रश्न दुसऱ्या क्रियेचा आहे. आपला सारा वाद मात्र पहिल्या अवस्थेभोवती फिरतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमात हे दोन दृष्टिकोन शेजारी शेजारी उभे आहेत. कलम 67 विचारते : मजकूर कामुक आहे काय, पाहणाऱ्याला तो बिघडवील काय? कलम 66-इ विचारते : ज्या व्यक्तीच्या गुप्तांगांची प्रतिमा टिपली वा प्रसृत केली, तिची संमती होती काय? पहिल्या प्रश्नाला सूझांचे रेखाचित्र आणि एखाद्या मुलीचे चोरून काढलेले छायाचित्र यांतील फरक नीट सांगता येत नाही. दोन्हीकडे देह उघडाच. दुसऱ्या प्रश्नाला तो तात्काळ सांगता येतो. आज कोणाचाही चेहरा कोणत्याही नग्न देहावर यंत्राने बसविता येतो, तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाची निकड कितीतरी वाढली आहे. आणि तरीही अशा प्रसंगी आपल्याकडे पहिली लाज वाटते ती तिलाच. शाळा सुटते तिची, घराबाहेर पडणे बंद होते तिचे.

संमती हाही निकष निर्दोष नाही. दारिद्र्यातून दिलेली संमती कितपत स्वतंत्र, हा यमुनेचाच प्रश्न आहे. संमतीमुळे सगळेच उचित ठरते असेही नाही. तथापि या निकषाचा एक विशेष आहे. तो सांगणारा स्वतःला त्यातून वगळू शकत नाही. दुसऱ्याचे मन बिघडेल अशी चिंता आपण स्वतःला बाजूला ठेवून करू शकतो. पाहण्याचा मला अधिकार होता काय, हा प्रश्न मात्र पाहणाऱ्या प्रत्येकालाच द्यावा लागतो, संस्कृतिरक्षकाला, रसिकाला आणि समीक्षकालाही. नग्नतेविषयीचा आपला विचार प्रामाणिक व्हावयाचा असेल तर त्याचा आरंभ या प्रश्नापासून व्हावयास हवा.