वाकडे दात आणि ‘दिलेला’ देह

दातांना तार लावावी की नाही, हा वरवर दवाखान्यातला प्रश्न. पण त्याच्या मुळाशी एक जुना धार्मिक पेच आहे. जन्मतः मिळालेल्या देहात माणसाने किती हात घालावा? इस्लामी परंपरेत हा पेच थेट दातांवरूनच उभा राहिला. सौंदर्यासाठी दात घासून फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा हदीसमध्ये निषेध आहे, आणि कारण दिले आहे ते अल्लाहच्या निर्मितीत बदल केल्याचे. पुढे धर्मशास्त्रज्ञांनी नुसती सजावट आणि दोषनिवारण यांत फरक केला.

हिंदू परंपरेला असा पेच फारसा पडला नाही. तिथे तान्ह्या बाळाचे कान टोचणे हाच एक संस्कार आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात वेड्यावाकड्या दातांना ‘कराल’ म्हटले असून तो वाताचा विकार, तोही असाध्य, असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे वैद्याने दात हलवले नाहीत ते पापाच्या भीतीने नव्हे. इलाज नव्हता म्हणून.

दोष कशाला म्हणायचे, हे मात्र तिथेही सुटत नाही. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती घडतात तेव्हा कारागीर एक दात मुद्दाम अर्धा ठेवतो. दोन्ही दात पुरे केले तर तो एकदंत कसला? इथे उणेपण हेच स्वरूप. त्याच शहरात अंबाबाईची मूर्ती झिजली तेव्हा 1955 मध्ये वज्रलेप झाला आणि 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केले. त्यावर वाद झाले, तरी झीज थांबवायला हवी हे बहुतेकांना मान्य होते. स्वरूप आणि झीज यांतला हा फरक दातांनाही लागू पडतो. खालचे दात टाळूला टोचत असतील, घास नीट चावता येत नसेल, दातावर दात चढल्याने ब्रश पोचत नसेल, तर ती झीज. किंचित तिरका सुळा हे त्या चेहऱ्याचे स्वरूपही असू शकते.

‘देवाने दिले तसेच राहू द्यावे’ या म्हणण्याला शरीरच पुरता दुजोरा देत नाही. दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. तारेचा हलका दाब सतत पडला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ताणाच्या बाजूला नवे तयार होते आणि दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. अंगठा चोखण्यानेही दात सरकतात, फक्त चुकीच्या दिशेला. तारा निघाल्यावर हिरड्यांतले तंतू त्यांना मागे ओढतात, म्हणून रिटेनर दीर्घकाळ वापरावा लागतो.

खरा नैतिक तिढा संमतीचा आहे. जबडा वाढत असतानाच त्याला वळण देणे सोपे, म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करावी असे दंततज्ज्ञ सुचवतात. त्या वयात निर्णय आईबाप घेतात. चावण्यातला दोष असेल तर तो त्यांचा अधिकार, नव्हे कर्तव्यच. ‘उद्या मुलगी बघायला येतील तेव्हा काय?’ एवढ्याच धास्तीने तारा लावायच्या असतील, तर मुलीला कळू लागेपर्यंत थांबलेले बरे. दात चाळिशीतही सरकतात. मात्र प्रौढपणी हिरड्यांचा आजार आधी आटोक्यात आणावा लागतो, आणि जबड्याचीच ठेवण बिघडलेली असेल तर नुसत्या तारेने भागत नाही, शस्त्रक्रिया लागू शकते.