रेटा पोटात घेणारे पाय

जायंट स्लालमच्या, म्हणजे उतारावर रोवलेल्या दांड्यांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत स्कीपटूचे पाय सोडून त्याच्या डोक्याकडे पाहावं. खाली वळणामागून वळण चाललेलं असतं, पण डोकं फारसं वरखाली होत नाही. सगळी धावपळ कमरेखाली.

नवशिक्याला शिकवतात ते वेगळंच. एका वळणातून दुसऱ्यात जाताना पाय लांब करा, उंच व्हा. उंच होण्याचा जोर संपता संपता अंगाचा भार स्कींवरून क्षणभर उतरतो आणि हलक्या झालेल्या स्की वळवता येतात.

वेग वाढला की हीच सवय नडते. वळणाच्या शेवटी उताराची ओढ आणि वळणाचा जोर एकत्र येतात, पायांवर भार चढतो. वाकलेली स्की सरळ होऊ पाहते आणि माणसाला वर ढकलते. त्याच क्षणी त्यानं पाय ताठ केले, तर स्की बर्फ सोडतात; आणि हवेतल्या स्कीला ना वळता येतं ना वेग आवरता. म्हणून कसलेला स्कीपटू इथे उलट गुडघे दुमडतो. रेटा पायांत जिरवतो, स्की बर्फाला टेकलेल्या राहतात, आणि त्यांच्यावरून कंबर अलगद पलीकडे जाते. मग पाय लांब होतात ते पुढच्या वळणात. बाहेरचा पाय जवळजवळ सरळ असला की भार हाडं पेलतात. तो फार वाकलेला असेल, तर मांड्या लवकर पेटतात.

फ्रान्समध्ये स्की-प्रशिक्षक जोर्ज जुबेर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पात्रिक रुसेलसारख्या शर्यतपटूंच्या हालचाली बारकाईनं पाहून या दुमडण्याची मांडणी केली. सांगायला सोपं आहे. पण घाबरलं की माणूस ताठ होतो, मागे रेलतो, आणि नेमकं तेव्हाच सैल व्हायचं असतं. मला हे तंत्रापेक्षा धीराचं काम वाटतं.

तरी नवशिक्याचा धडा चुकीचा म्हणू नये. गुलमर्गच्या सौम्य उतारावर हळू सरकणाऱ्याला बर्फ काहीच परत देत नाही. हलकेपणा त्याला स्वतःच्या पायांनी कमवावा लागतो. त्याच गुलमर्गचा आरिफ खान २०२२मध्ये बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकमेव खेळाडू म्हणून गेला आणि जायंट स्लालममध्ये ४५वा आला. तिथल्या कडक, कृत्रिम बर्फावर प्रश्न उलटा होता: आयता मिळणारा एवढा रेटा जिरवायचा कुठे?