सहनशक्तीचें माप

शोधांची थोरवी आपण बहुधा त्यांनीं मनुष्याच्या सामर्थ्यांत किती भर घातली यावरून ठरवितों. वाफेनें बळ दिलें, आगगाडीनें वेग दिला, विजेनें रात्रीचा दिवस केला. आणि हा हिशोब मांडतांना कांहीं शोध केवळ थांबविण्यासाठींच लागलेले आहेत, याचा आपणांस विसर पडतो. घराच्या भिंतीवरील पेटींत बसविलेला, तापला म्हणजे आपोआप पडणारा विजेचा खटका हा असाच एक शोध आहे. तो कांहीं निर्माण करीत नाहीं. वेळ आली म्हणजे ‘आतां पुरे’ एवढेंच सांगतो. आतां ‘पुरे’ केव्हां म्हणावें हा नीतिशास्त्रांतील फार जुना प्रश्न. तो या लहानशा यंत्रानें कसा सोडविला, हें पाहण्यासारखें आहे.

या खटक्याचें मर्म दोन निरनिराळ्या धातूंच्या, एकमेकींस घट्ट जोडलेल्या पट्ट्यांत आहे. उष्णतेनें एक अधिक प्रसरण पावते, दुसरी कमी. त्यामुळें जोडपट्टी वांकते. हा गुण जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनें अठराव्या शतकांतच आपल्या सागरी घड्याळांत उपयोगांत आणला होता. पुढें १९२४ सालीं जर्मनींतील मॅनहाइम येथें ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यांत या पट्टीला चुंबकाची जोड देऊन घरगुती खटका सिद्ध झाला. तारेंतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहूं लागला कीं पट्टी तापते, वांकते, अडसर निसटतो आणि प्रवाह तुटतो. भार थोडाच अधिक असेल तर खटका कांहीं वेळ सोसतो. फार अधिक असेल तर लवकर तोडतो. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं खटक्याची दांडी कोणी बोटानें दाबून धरली, तरी आंतील अडसर सुटावयाचा तो सुटतोच.

ही शेवटची योजना कां करावी लागली? मनुष्यस्वभाव ठाऊक होता म्हणून. फ्यूजची तार वितळली कीं तिच्या जागीं अधिक जाड तार बसविणारे हात कोणत्या गांवांत नव्हते? कोणी म्हणेल, जेथें मर्यादा मोडण्याची मोकळीकच नाहीं, तेथें संयम तरी कसला? आक्षेप खरा आहे. परंतु विहिरीला कठडा बांधणारा मनुष्य कोणाची सावधगिरी हिरावून घेत नसतो. दूरदृष्टि धातूंत ओतून ठेवणें हेंही नीतीचेंच काम होय. मात्र हा कठडा कोणासाठीं बांधला, हें पाहिलें पाहिजे. हा खटका सहनशक्ति मोजतो ती तारेची, मनुष्याची नव्हे. घरांतील खटके सहा, दहा, सोळा अँपिअर प्रवाहासाठीं नेमलेले असतात. मनुष्याचा प्राण घेण्यास एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. उघड्या तारेला हात लागलेल्या मनुष्याच्या रक्षणासाठीं निराळ्याच तत्त्वावर चालणारें साधन शोधावें लागलें.

याच्या उलट हातांनीं चालविण्याचीं अवजारें. चालविणाऱ्याचा दंड हाच त्यांचा खटका, दंड थकला कीं अवजार थांबतें, असें आपण सहज म्हणून जातों. हें म्हणणें कितपत खरें आहे, याचा विचार एके काळीं याच देशांत फार बारकाईनें झाला. १९२९ सालीं गांधीजींच्या चरखा संघानें नव्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. चरखा खेड्यांतील झोपडींत चालावा, किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी, आठ तासांत सोळा हजार वार सूत निघावें, आणि तरीही एका स्त्रीला तो आठ तास फारसा शीण न होतां चालवितां यावा, अशा त्याच्या अटी होत्या. सर्व अटी पुऱ्या करणारा चरखा निघाला नाहीं, बक्षीसही कोणाला मिळालें नाहीं. पण त्या अटींकडे पुन्हां एकदां पहा. येथें सुताच्या वारांबरोबर कांतणारीचा शीणही मोजावयाचा होता. यंत्राच्या परीक्षेंत मनुष्याची सहनशक्ति हें एक माप म्हणून लिहून ठेवलेलें होतें.

तरीही दंडाचा खटका पुरेसा नाहीं. दळणारी बाई दंड भरून आले म्हणून जातें सोडीत नाहीं; घरांत पीठ नसतें. कांतणारीला आठ तासांच्या मजुरींत पोट भरत नसेल तर ती दहा तास कांतणार. भूक ही शरीराच्या फ्यूजमध्यें बसविलेली जाड तार आहे. चरखा संघानें १९३५ सालीं निर्वाहापुरत्या मजुरीचें तत्त्व स्वीकारलें, तें या अनुभवामुळेंच. त्याच सुमारास वर्ध्याजवळील नालवाडींत विनोबांनीं तासन्‌तास सूत कांतून त्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग स्वतःच्या देहावर केला. प्रकृति खालावली, आणि १९३८ सालीं ते धाम नदीच्या कांठीं पवनारला आले ते मुळीं विश्रांतीसाठीं. अवजार निर्दोष असूनही देह थकला. कारण किती चालवावें हें अवजार ठरवीत नाहीं, मजुरीचा दर ठरवितो.

पुढें १९५० च्या सुमारास याच पवनारच्या आश्रमांत बैलांवांचून शेतीचा प्रयोग झाला. विहिरीवरील रहाटाला आठ दांडे बसवून आश्रमवासी तो हातांनीं फिरवीत. एकेका फेऱ्याला गीताईचा एकेक श्लोक म्हणत. एकाचा भार आठांत वांटावा, हाही शोधच होय, व तो सुंदर आहे. पण सर्वांनीं असेंच करावें असें मी म्हणणार नाहीं. आठ जणांनीं स्वेच्छेनें फिरविलेला रहाट आणि एकट्या कुटुंबाला पोटासाठीं ओढावा लागणारा रहाट एक नव्हेत. दुसऱ्याला विजेचा पंप मिळाला तर ती दयाच होय.

त्या पंपाच्या स्टार्टरमध्येंही तीच वांकणारी पट्टी असते. रात्रीं कांहीं तासच वीज येते, तिचा दाब कमी, म्हणून मोटर अधिक प्रवाह ओढते, पट्टी तापते आणि मोटर बंद पडते. मग कोणी शेतकरी तो रिले तारेनें बांधून टाकतो. कधीं मोटर जळते, कधीं हातही भाजतो. हा अडाणीपणा आहे असें शहरांत बसून म्हणणें सोपें आहे. पण तो जें करतो तें दळणाऱ्या बाईनें केलें त्याहून निराळें नाहीं. मर्यादा धातूंत घाला किंवा व्रतांत घाला, जेथें थांबणें परवडतें तेथेंच ती पाळली जाते.

म्हणून कोणत्याही शोधाला, तो विजेचा असो कीं हाताचा, दोन प्रश्न विचारावे: कोणाची सहनशक्ति याचें माप आहे, आणि थांबण्याचा खर्च कोणाच्या माथीं पडतो? पहिल्याचें उत्तर शोधकानें द्यावयाचें. दुसऱ्याचें उत्तर त्याच्या कारखान्यांत मिळणार नाहीं. तें मजुरीचा दर आणि विजेची वेळ ठरविणाऱ्यांनीं, म्हणजे आपण सर्वांनीं मिळून, द्यावयाचें आहे. रिले बांधून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वीं, त्या रात्रीं मोटर थांबली असती तर त्याच्या पिकाचें काय झालें असतें, एवढें तरी आपण विचारावें.