शहाद्याचा रानपिंगळा

नोव्हेंबर 1997. तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या सागाच्या रानात पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सकाळी पक्षी शोधत होते. उघड्या फांदीवर एक घुबड दिसलं. ठिपके जवळजवळ नसलेलं डोकं, पांढऱ्या पिसांनी झाकलेले जाड पाय, शेपटीवर रुंद पट्टे.

तो रानपिंगळा होता. 1873 साली पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याचं वर्णन केलं होतं. 1884 साली जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर 113 वर्षं खात्रीची एकही नोंद नाही! मधे खानदेशाबाहेरचा म्हणून 1914 चा एक नमुना पक्षीसंग्राहक कर्नल माइनर्ट्झहेगनच्या नावे होता. पण तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून खोट्या चिठ्ठीनिशी मिरवलेला, हे रासमुसेन यांच्याच तपासात उघड झालं. ती खोटी नोंद बाजूला सारल्यावरच शोधाची पावलं खानदेशाकडे वळली. अभ्यासातला प्रामाणिकपणा असा कामी येतो.

हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. पुढे तो तोरणमाळ, मेळघाट, यावल, अगदी मुंबईजवळच्या तानसातही सापडला. घरटं मात्र झाडाच्या ढोलीतच. त्यामुळे सातपुड्यातली जुनी, पोकळ खोडाची झाडं उभी राहणं त्याच्या पिलांसाठी फार गरजेचं आहे.