कोणाच्या भल्यासाठी, कोणाच्या जिवावर?



अण्वस्त्र चाचण्यांचा विषय निघाला की आपल्यातील काही जण म्हणतात, “अण्वस्त्रांच्या धाकामुळेच १९४५ नंतर तिसरे महायुद्ध झाले नाही. चाचणी केल्याशिवाय अस्त्राची खात्री कशी पटणार? थोड्यांना त्रास झाला, पण कोट्यवधी वाचले.” हे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. युद्ध टळणे ही लहान गोष्ट नाही. पण हे ‘थोडे’ कोण, तेही आपण पाहू या.

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटे आहेत. त्यांतील बिकिनीच्या लोकांना फेब्रुवारी १९४६ मध्ये, एका रविवारी उपासनेनंतर, अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने बेट सोडायला सांगितले. मानवजातीच्या भल्यासाठी आणि युद्धे कायमची संपविण्यासाठी हे हवे आहे, असे तो म्हणाला. इस्राएल लोकांचा दाखलाही त्याने दिला. सारे देवाच्या हाती आहे, असे म्हणून ते भाविक लोक निघाले. १६७ माणसे रोंगेरिक बेटावर नेण्यात आली. तेथे त्यांची उपासमार झाली.

१९५८ पर्यंत या बेटांवर ६७ चाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ स्फोट हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट होता. रोंगेलाप बेटावर पांढरी राख पडली आणि मुले तिच्यात खेळली. त्यांना हलवायला दोन दिवस लागले. पुढे त्यांतील अनेकांना थायरॉइडच्या गाठी झाल्या.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात दुहेरी परिणामाचे तत्त्व आहे. चांगल्या हेतूने केलेल्या योग्य कृतीतून नको असलेला वाईट परिणामही घडू शकतो. कर्करोगावरच्या औषधाने केस गळतात, अशक्तपणा येतो, तरी आपण ते घेतो. मग चाचण्यांनाही हेच तत्त्व लावता येईल का? औषधाचा गुण ज्याला येतो, त्रासही तोच सोसतो, आणि त्याला आधी विचारलेले असते. येथे सुरक्षितता एकाच्या वाट्याला आली आणि आजार दुसऱ्याच्या. शिवाय ब्राव्होनंतर परिणाम ठाऊक नव्हता, असे म्हणायला जागा उरली नव्हती. तरी चाचण्या चार वर्षे चालूच राहिल्या.

सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे, हा हिशेब कयफानेही मांडला होता. प्रभू येशूनेही अनेकांसाठी मरण पत्करले, पण त्याने स्वतःचा प्राण दिला. त्याग स्वतःचा करता येतो. दुसऱ्याला न विचारता त्याचा बळी देणे, याला त्याग म्हणता येत नाही.

११ एप्रिल १९६३ च्या विश्वपत्रात पोप जॉन तेविसावे यांनी अण्वस्त्रांवर बंदीची हाक दिली. त्याच वर्षी हवेतील, अवकाशातील व पाण्याखालील चाचण्या थांबविण्याचा करार झाला. २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीच्या करारावर व्हॅटिकनने सही केली. चाचण्यांनी पीडित झालेल्यांना मदत करण्याचे कलमही त्यात आहे.

आपल्या देशानेही १९७४ व १९९८ मध्ये पोखरणला जमिनीखाली चाचण्या केल्या. देशाच्या सुरक्षिततेची काळजी आपल्यालाही आहे. पण ‘सर्वांच्या भल्यासाठी’ हे शब्द कानी पडतील तेव्हा, मग तो बॉम्ब असो की गावातला एखादा प्रकल्प, किंमत कोण मोजणार आणि त्याला विचारले आहे का, एवढे आपण विचारावे. बिकिनीचे लोक आजही बेटापासून दूर आहेत. या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.