कंपनीची टाकी आणि जनकाचं राज्य

माझा भाचा अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात, गावाबाहेर घर घेतोय. तिथे गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही, म्हणून अंगणात प्रोपेनची टाकी बसवावी लागते. त्याने फोनवर विचारलं, "मावशी, टाकी विकत घेऊ की भाड्याने?" जन्मभर संस्कृत शिकवलेल्या बाईला हा प्रश्न का विचारावा, ते त्यालाच ठाऊक. हिशेबाचं काम त्याच्या बायकोने आधीच केलं होतं. भाड्याची टाकी असली तर गॅस त्याच कंपनीकडून भरायचा, शेजारची कंपनी कितीही स्वस्त देत असली तरी. विकत घेतली तर वाटेल त्याला बोलवा. पण मग गंज, व्हॉल्व्ह, तपासणी सगळं आपल्या डोक्यावर. टाकी 500 गॅलनची असली तरी त्यात 80 टक्केच भरतात, कारण उन्हाने आतला द्रव फुगतो. रोख मोजून घेतलेली टाकीसुद्धा काठोकाठ भरता येत नाही, हे ऐकून मला उगीचच गंमत वाटली.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. रायपुरात आमच्या चौबे कॉलनीत सायकलवरून, टेम्पोतून जो लाल सिलिंडर येतो तो कंपनीचा. आपण 14.2 किलो गॅस विकत घेतो. लोखंडासाठी देतो ती अनामत रक्कम. जून 2022 मध्ये ती एका सिलिंडरला 1450 वरून 2200 रुपये झाली. कनेक्शन परत केलं की अनामत परत, व्याज नाही. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं आणि पुढच्या तपासणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे सालाचे दोन आकडे. हॉकरसमोर ती पट्टी वाचायची माझी सवय त्याला आवडत नाही. आज आलेली टाकी गेल्या महिन्यात भिलाईत कुणाच्या ओट्याखाली होती, देव जाणे. पुढच्या महिन्यात ती टिकरापाऱ्यात असेल. तरी आम्ही म्हणतो, "आमचा गॅस संपला."

यजमान गेले तेव्हा कनेक्शन त्यांच्या नावावर होतं, त्याआधी सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या. मृत्यूचा दाखला, माझा आधार, मुलांचं 'हरकत नाही' असं लिहिलेलं पत्र. एजन्सीतल्या मुलाने मान वर न करता विचारलं, "किसके नाम पे चढ़ाना है?" काय चढवायचं होतं? टाकी कंपनीची. आत जो थोडा गॅस उरला होता तो त्याच संध्याकाळी दहाव्याच्या स्वयंपाकात संपला. चढत होतं फक्त नाव. त्या खुर्चीवर बसून मला आठवला तो महाभारतातला जनक. आश्वमेधिक पर्वात, अनुगीतेत, ही गोष्ट येते.

एका ब्राह्मणाच्या हातून अपराध घडला. जनकाने त्याला सांगितलं, माझ्या राज्यातून चालता हो. ब्राह्मण म्हणाला, जातो. पण तुझं राज्य कुठवर आहे तेवढं सांग, म्हणजे त्यापलीकडे जाऊन राहीन. सरळ प्रश्न. आणि राजा गप्प बसला. उष्ण श्वास टाकत राहिला, ग्रहण लागलेल्या सूर्यासारखा झाकोळला. मग भानावर येऊन म्हणाला, वाडवडिलांचं राज्य माझ्या हातात आहे खरं, पण सगळ्या पृथ्वीवर शोधलं तर 'माझं' असं काही सापडेना. मग मिथिलेत शोधलं, तिथेही नाही. स्वतःच्या संततीत शोधलं, तिथेही नाही. तेव्हा कळलं की एक तर काहीच माझं नाही, नाहीतर सगळंच माझं आहे, आणि जसं माझं तसंच इतरांचंही. तू राहा इथेच, हवं तितके दिवस. ही बुद्धी तुला कुठून आली, असं ब्राह्मणाने विचारल्यावर राजा सांगतो की नाकापर्यंत आलेला गंधसुद्धा मी स्वतःसाठी घेत नाही. देव, पितर, भूतमात्र, अतिथी यांच्यासाठी हे सगळं चाललंय. ब्राह्मण हसतो आणि सांगतो की मी धर्म आहे, तुझी परीक्षा घ्यायला आलो होतो.

(गंधाचं तेवढं सोडून देऊ. घरगुती गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तो वास ज्याने त्याने स्वतःसाठीच घ्यावा आणि आधी खिडकी उघडावी.)

ही गोष्ट कीर्तनात सांगतात तेव्हा ती वैराग्याची होते. मला ती कायद्याची गोष्ट वाटते. राजा हद्दपारीचा हुकूम देतो, आणि हुकमाच्या आधी हद्द सिद्ध करावी लागते. मीमांसकांनी हाच वाद कोरडेपणाने घातलाय. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचं असतं. मग सर्वस्व म्हणजे काय काय? आईवडील देता येतील का? नाही, ते नात्याने आपले आहेत, मालकीने नाहीत. आणि राजा असला तर पृथ्वी देईल का? मीमांसेचा सूत्रकार जैमिनी, त्याचं उत्तर, नाही. भूमी सगळ्यांना सारखीच आहे. म्हणजे राज्यावर हक्क आहे, कर घेता येतो, राखण करावी लागते, पण दान करता येत नाही. आमच्या ओट्याखालच्या टाकीचीही नेमकी हीच स्थिती. वापर माझा, राखण माझी, नळी बदलायची जबाबदारी माझी; पण ती विकायचा किंवा दान द्यायचा अधिकार मला नाही. हे अर्धवट स्वामित्व आपल्या शास्त्राला नवीन नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय.

आता नानांचं. नाना रोज जेवणाआधी वैश्वदेव करत. चूल गेली, शेगडी गेली, पुढे गॅस आला, तेव्हा त्यांनी फार घोळ घातला नाही. बर्नरच्या कडेला तांब्याचं छोटं पात्र ठेवून तुपात भिजवलेली भाताची शितं त्यात अर्पण करत आणि प्रत्येक आहुतीला 'न मम' म्हणत. यजमान चेष्टेने म्हणायचे, "नाना, सिलिंडरच्या बाबतीत तर हे कागदोपत्री खरं आहे." नाना हसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं की जे मुळात आपलं नाही त्याला 'माझं नाही' म्हटलं तर ती फक्त माहिती झाली. मीमांसेत यज्ञाला तीन गोष्टी लागतात, द्रव्य, देवता आणि त्याग; आणि त्याग आपल्या द्रव्याचाच करता येतो. भात आपला, तूप आपलं, म्हणून आहुती खरी.

नानांचं हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं, पण त्याची दुसरी बाजू त्यांना दिसत नव्हती. त्याग करायला आधी मालकी हवी, तर मग घरात कुणाला त्याग करता येतो? हा प्रश्नही जैमिनीने आपल्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात घेतलाय. पूर्वपक्ष म्हणतो की बाईला यज्ञाचा अधिकार नाही, कारण तिच्यापाशी द्रव्यच नसतं. तीच दिली-घेतली जाते. सिद्धान्त म्हणतो, तसं नाही. तिलाही फळाची इच्छा आहे, तिचंही द्रव्य आहे, म्हणून अधिकार आहे. मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचते. त्या काळच्या पंडितांना एवढं उमगलं होतं की जिच्या नावावर काही नाही तिला 'न मम' म्हणायला सांगणं म्हणजे रिकाम्या ताटातून घास काढायला सांगणं.

आमच्याकडे कामाला येणारी बाई अभनपूरकडची. घर नवऱ्याच्या बापाच्या नावावर, दोन एकर धानाचं शेत दिराच्या ताब्यात, मोबाइल पोराचा. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला बलियात सुरू झाली. तिच्यात कनेक्शन घरातल्या सज्ञान बाईच्याच नावावर मिळतं आणि अनामत सरकार भरतं. बाईचं ते लहानसं पुस्तक पोहे ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. एकदा दाखवायला घेऊन आली. "मोर नाव मा हे, दाई," म्हणाली. टाकी कंपनीची आहे, अनामत सरकारची आहे, भरलेली टाकी परवडत नाही म्हणून निम्मे दिवस ती लाकडांवरच रांधते, हे सगळं तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरीही नाव तिचं. जनकाची गोष्ट मी तिला सांगितली नाही. काहीच माझं नाही हे कळायला मिथिलेएवढं शोधायला हाताशी असावं लागतं.

त्याच सुमारास आमच्या कॉलनीत त्यागाची लाट आली होती. 2015 साली 'गिव्ह इट अप' म्हणून आवाहन झालं, ज्यांना परवडतं त्यांनी गॅसचं अनुदान सोडावं. वर्षभरात एक कोटीवर लोकांनी ते सोडलं. यजमानांनीही सोडलं, मोबाइलवर संदेश आला आणि तो त्यांनी संध्याकाळी फिरायला जाताना दोघातिघांना दाखवला. मी थट्टा केली, पण मनातून मला ते आवडलं होतं. जे खरोखर आपलं होतं, दर महिन्याला खात्यात जमा होत होतं, ते सोडलं होतं. नानांच्या कसोटीला ते उतरलं असतं.

उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना दोन्ही बायकांत वाटणी करायला निघतो. मैत्रेयी विचारते, या धनाने मी अमर होईन का? आणि त्या एका प्रश्नावर हजारो वर्षं तिची आरती चाललीय. कात्यायनीचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही. गाई, भांडी, धान्य, जे काही होतं ते तिने सांभाळलं असणार. त्या रात्रीचा स्वयंपाकही तिनेच केला असेल. मला कात्यायनीची बाजू घ्यावीशी वाटते. समर्थ रामदासांनीही प्रपंच नीट करण्यावर केवढा भर दिलाय; आमच्या रायपुरात राहिलेल्या माधवराव सप्रे यांनी दासबोध हिंदीत नेला, तो काही संसार सोडून पळणाऱ्यांसाठी नव्हे. टिळकांचं गीतारहस्यही हिंदीत त्यांनीच आणलं.

हल्ली तरुण मुलं सांगतात की आम्ही काहीच विकत घेत नाही. घर भाड्याचं, गाडी भाड्याची, पलंगसुद्धा महिन्यावर. यालाच अपरिग्रह म्हणायचं असतं, असं त्यातल्या एकाने मला ऐकवलं. मला ते मान्य नाही. मालकी सुटत नाही, नुसती जागा बदलते. टाकी माझी नसली तर ती कुणाची तरी पक्की असतेच, आणि तो तिची पै न् पै हिशेबात धरतो. अपरिग्रहाची कसोटी कागदावर कुणाचं नाव आहे ही नव्हे. माझ्यापाशी आहे ते दुसऱ्याच्या गरजेला बाहेर पडतं का, ही आहे. छत्तीसगडात पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवीन धान कोठीत आलेलं असतं आणि पोरं दारोदार धान मागत फिरतात, मालगुजाराचं पोर आणि मजुराचं पोर एकाच टोळीत. ज्याच्या घरी कोठी भरलेली आहे त्यानेही त्या दिवशी मागायचं. देण्याचा सण सगळीकडे असतो. भरल्या घराला मागायला लावणारा सण मला दुसरा ठाऊक नाही.

शेजारधर्मात मात्र गॅसने एक चमत्कारिक गोष्ट केलीय. आजीच्या काळी शेजारून विस्तव मागून आणत. विस्तव दिला तरी देणाऱ्याचा कमी होत नाही. सिलिंडर दिला तर घरातून पूर्ण जातो. नियमाप्रमाणे तो कुणाला द्यायचाही नसतो. पण रात्री नऊला भाजी अर्धी शिजलेली असताना शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या तर नियम सांगायचा का? म्हणून आमच्या कॉलनीत दुसरा भरलेला सिलिंडर कायम फिरता असतो. जो दिला तो परत येत नाही, दुसराच येतो, पट्टीवर वेगळं वजन आणि वेगळी मुदत असलेला. आणि देणारीचं काही बिघडत नाही. जी वस्तू माझी नाही ती मी उसनी देते, जिला तिच्यावर हक्क नाही ती घेते, आणि भलतीच वस्तू परत आली की दोघी म्हणतो, फिटलं. जनकाने हे राज्य पाहिलं असतं तर त्याला हद्द शोधायचे एवढे कष्ट पडले नसते.

तरी एक आहे. गणपतीच्या आधी समोरच्या घरी दिलेला सिलिंडर अजून आलेला नाही, आणि आता नवरात्र तोंडावर आलंय. उद्या सकाळी जाऊन मागणार आहे.